बोक्याची लघवी अडकते तेव्हा

बोका लिटरच्या, म्हणजे शौच-लघवीसाठी ठेवलेल्या वाळूच्या, ट्रेमध्ये जातो, बसतो, जोर करतो, बाहेर येतो. पाच मिनिटांनी परत तेच. मग कोपऱ्यात बसून मागचा भाग चाटत राहतो, मधूनच एक वेगळाच, खोल आवाज काढतो. घरातले म्हणतात, पोट साफ होत नसेल, थोडं तूप चाटवा, सकाळपर्यंत बघू.

गणपती ते दिवाळी या काळात पुण्यातल्या मांजरवाल्या घरांमधून हा प्रसंग बऱ्याचदा ऐकू येतो, आणि त्यातली काही मांजरं सकाळ बघत नाहीत. शहरात मांजरं पाळणारे वाढले, २०२२ मध्ये महापालिकेनं कुत्र्यांबरोबर मांजरांच्या नोंदणीचाही नियम आणला. मांजराच्या आजारांची आपली समज मात्र अजून कुत्र्यांच्या आणि माणसांच्या अनुभवावरच चालते, आणि लघवीच्या बाबतीत हा अनुभव बोक्याच्या जिवावर उठतो. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ. पण त्याआधी एक तातडीची गोष्ट.

जोर करतोय, थेंब नाही: त्याच रात्री दवाखाना

बोका वारंवार जोर करत असेल आणि लघवी येत नसेल, किंवा थेंबथेंब, लालसर येत असेल, तर दवाखाना उघडायची वाट बघू नका. शौचाला आणि लघवीला मांजर जवळपास सारखंच बसतं, त्यामुळे बद्धकोष्ठ समजण्याची चूक अगदी चांगल्या, काळजी घेणाऱ्या घरांतही होते. ट्रे बघा. आज सकाळपासून लघवीनं भिजून झालेले लिटरचे गोळे किती झाले, नेहमीएवढे मोठे आहेत का? निरोगी मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा लघवी करतं. गोळेच नसतील, किंवा वाटाण्याएवढे असतील, आणि बोका मात्र ट्रेच्या चकरा मारत असेल, तर लघवी अडकली आहे असं धरून चाला. पशुवैद्यकाला पोट चाचपून काही क्षणांत कळतं. भरलेलं मूत्राशय हाताला कडक गोल लागतं.

ते तुम्ही घरी दाबून रिकामं करायला जाऊ नका. ताणलेलं मूत्राशय दाबानं फुटू शकतं. सिरिंजनं तोंडात पाणी घालू नका, कारण बाहेर जायची वाट बंद असताना आत आणखी पाणी ढकलून उपयोग नाही. आणि माणसाची वेदनाशामक गोळी अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

फोनवर एवढंच सांगा: "नर बोका आहे, जोर करतोय, लघवी होत नाहीये." पलीकडच्या माणसाला घाई कळते.

वाळवंटातला प्राणी, फ्लॅटमधलं खाणं

आपली घरातली मांजरं उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराची वंशज आहेत. तो कोरडा मुलूख. तिथे पाणवठे शोधत फिरणं परवडणारं नव्हतं, म्हणून या प्राण्यानं पाणी शिकारीतूनच मिळवलं. उंदीर, पाखरू यांच्या शरीरात साधारण ७० टक्के पाणी असतं. शिवाय मांजराची मूत्रपिंडं शरीरातलं पाणी इतकं जपून वापरतात की त्याची लघवी माणसाच्या लघवीपेक्षा दुपटीहून अधिक घट्ट होऊ शकते. तहानेची जाणीव मात्र मंद राहिली. भांडं समोर असूनही मांजर बराच वेळ पाण्याकडे बघत नाही, याचं कारण हे आहे.

आता या प्राण्याला आपण दाणेदार कोरडं खाणं देतो, पेट शॉपमध्ये ज्याला ड्राय फूड म्हणतात ते. त्यात पाणी १० टक्क्यांच्या आसपास. चार किलोच्या बोक्याला दिवसभरात, खाणं आणि पिणं धरून, साधारण २०० मिली पाणी लागतं. ६० ग्रॅम दाण्यांमधून त्याला जेमतेम सहा मिली मिळतं. उरलेलं भांड्यातून प्यायला हवं, आणि तिथे तो कमी पडतो. ८० ग्रॅमच्या ओल्या खाण्याच्या पाऊचमध्ये मात्र ६० ते ६५ मिली पाणी आधीच असतं. दिवसाला असे तीन पाऊच खाणारा बोका भांड्याकडे फिरकलाही नाही तरी त्याचं जवळजवळ भागतं.

माझं ठाम मत असं की बोक्याच्या पाण्याचा विचार भांड्यापासून सुरू करण्यात आपली निम्मी मेहनत वाया जाते. सुरुवात ताटापासून करावी.

लघवी घट्ट झाली की काय होतं

साखरेचा पाक आठवा. पाणी पुरेसं असतं तोवर साखर दिसत नाही, सगळी विरघळलेली असते. पाक आटत गेला की कडेला कण धरायला लागतात, आणि एकदा कण धरले की त्यावर आणखी साखर बसत जाते. मांजराच्या लघवीतले क्षार असेच वागतात. पाणी कमी पडलं की मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन स्ट्रुव्हाइट नावाचे स्फटिक तयार होतात. पाकात पाणी घालून गरम केलं की कण पुन्हा विरघळतात. स्ट्रुव्हाइटचे खडेही डॉक्टरांनी ठरवलेल्या खास खाण्यानं बऱ्याचदा काही आठवड्यांत विरघळतात.

दुसरा प्रकार कॅल्शियम ऑक्झलेटचा. तो एकदा झाला की कुठल्याही खाण्यानं विरघळत नाही, काढावाच लागतो. म्हणून खडा कुठला हे न तपासता दुकानातून "युरिनरी" लिहिलेली पिशवी आणणं मला धोक्याचं वाटतं.

या पिशव्यांमागे मोठा इतिहास आहे. १९७०-८० च्या दशकांत सगळा दोष खाण्यातल्या "राखे"वर, म्हणजे खाणं जाळल्यावर उरणाऱ्या खनिजांवर टाकला गेला. पुढे बोट मॅग्नेशियमकडे वळलं. कंपन्यांनी ते कमी केलं आणि लघवी आम्लधर्मी राहील अशी खाणी बनवली. स्ट्रुव्हाइटचे खडे खरंच घटले. पण ऑक्झलेटचे वाढले. मांजरांचे खडे तपासणारं मिनेसोटा विद्यापीठाचं केंद्र १९८१ मध्ये सुरू झालं, आणि हा बदल तिथल्या नोंदींमध्ये स्पष्ट दिसला. एक क्षार कमी करून प्रश्न सुटत नाही, हे त्यातून कळलं. जास्त पाण्यानं मात्र दोन्ही प्रकारांना अटकाव होतो.

बोक्यालाच का? मांजरीला का नाही?

मूत्राशयाचा दाह मांजरीलाही होतो, तितक्याच त्रासाचा. फरक वाटेत आहे. मूत्राशयातून लघवी बाहेर नेणारी नळी, म्हणजे मूत्रमार्ग, मादीत आखूड आणि रुंद असते. बोक्यात ती लांब असते आणि टोकाकडे इतकी अरुंद होते की आतली पोकळी एक मिलिमीटरच्या आसपास उरते. मादीत जे सहज वाहून जातं, ते इथे अडकतं. अडकणारी वस्तू दर वेळी खडाच असते असंही नाही. बऱ्याचदा तो बुळबुळीत प्रथिनं, पेशी आणि स्फटिकांचा मऊ गोळा असतो. कधी गोळाही नसतो, दाहामुळे नळीच आकसते.

वाट बंद झाली की मूत्राशयातला दाब उलटा मूत्रपिंडांवर येतो आणि त्यांचं गाळण्याचं काम थांबायला लागतं. रक्तात नको ती द्रव्यं साचतात. त्यात सगळ्यात घातक पोटॅशियम. त्याचं प्रमाण वाढलं की हृदयाचे ठोके मंद आणि वेडेवाकडे होतात. बोका उलट्या करतो, खाणं सोडतो, अंग गार पडतं, निपचित होतो. नळी पूर्ण बंद असेल तर साधारण दोन-तीन दिवसांत, कधी त्याहून लवकर, मृत्यू येतो. इथे एक फसवी गोष्ट आहे: शेवटच्या टप्प्यात ट्रेच्या चकरा आणि ओरडणं थांबतं. घरच्यांना वाटतं, चला, शांत झाला.

वेळेत पोचलात तर चित्र फार वेगळं असतं. डॉक्टर सलाईन लावतात, पोटॅशियम खूप वाढलं असेल तर हृदय सांभाळणारी औषधं देतात, भूल देऊन मूत्रमार्गात बारीक नळी घालतात. तिलाच कॅथेटर म्हणतात. ती बहुधा एक ते तीन दिवस तशीच ठेवतात. मूत्रपिंडं बहुतेक वेळा सावरतात. खर्च हजारांच्या घरात जातो आणि तो अनेकांना जड जातो, हे खरं आहे. म्हणूनच पुढचा भाग, म्हणजे ही वेळ येऊ न देणं, मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

ढोल, फटाके आणि मूत्राशय

लघवीचा त्रास असलेल्या दहा वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मांजरांमध्ये तपासणीत ना खडा सापडतो ना जंतू. मूत्राशय सुजलेलं असतं, रक्त येतं, दुखतं, आणि कारण दिसत नाही. या आजाराला डॉक्टर एफआयसी म्हणतात. ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. या मांजरांची ताण हाताळणारी यंत्रणाच वेगळी असते, मूत्राशयाच्या आतलं संरक्षक आवरण कमकुवत असतं आणि तिथल्या नसा जास्त संवेदनशील असतात, असं त्यांना आढळलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात घरातलं वातावरण बदलल्यावर, म्हणजे लपायला जागा, चढायला उंची, खेळ, वेगळे ट्रे अशी सोय केल्यावर, मांजरांचा त्रास घटला.

आता पुण्यातल्या मांजराचं वर्ष बघा. गणपतीत दहा दिवस पाहुण्यांची ये-जा, खिडकीखाली ढोल-ताशा, स्पीकरच्या भिंती. त्याआधी साफसफाई आणि रंगकाम, म्हणजे ओळखीचे वास पुसले गेलेले. दिवाळीत फटाके. मे महिन्यात घर बंद करून गावाला जाणं, मांजर पाळणाघरात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचं दर अकरा महिन्यांनी सामान हलवणं. वर्षभरात अशा घटना एकामागून एक येत राहतात, आणि ताणाला हळवा असलेल्या बोक्याला त्यातली एकही पुरेशी असते.

पेठांत राहणाऱ्यांसाठी एक खास विनंती. विसर्जनाची मिरवणूक एका दिवसाहून जास्त चालते आणि लक्ष्मी, टिळक, कुमठेकर, केळकर हे रस्ते बंद असतात. त्या दिवशी बोका अडकला तर नेहमीच्या दवाखान्यात पोचता येईलच असं नाही. आपल्या बाजूच्या, बंद रस्ते न ओलांडता जाता येईल अशा, रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आधीच लिहून ठेवा. त्या दिवसांत घरातली सगळ्यात आतली खोली मांजराला द्या, तिथेच ट्रे, पाणी आणि चढून बसता येईल असं खोकं. पाहुण्यांना तिकडे पाठवू नका, लहान मुलांना तर अजिबात नाही.

"पण आमचा बोका पाणी पितो की"

पीत असेल. कोरडं खाणारं मांजर ओलं खाणाऱ्यापेक्षा भांड्यातून जास्तच पितं, आणि ते बघून आपल्याला समाधान वाटतं. तरी दोन्हीकडचं एकूण पाणी मोजलं तर बहुधा ओलं खाणाराच पुढे असतो.

भांड्याचंही महत्त्व आहे. खाण्याला आणि ट्रेला चिकटून ठेवलेलं पाणी अनेक मांजरांना आवडत नाही. घरात दोन-तीन ठिकाणी रुंद, उथळ भांडी ठेवा आणि पाणी रोज बदला. काहींना नळाची धार किंवा छोटं कारंजं आवडतं, काही त्याला घाबरतात. तुमच्या बोक्याला काय आवडतं ते बघूनच पैसे खर्च करा. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीकडे जातो तेव्हा एक भांडं वाढवा.

बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यानं खडे होतात का, असं उपनगरांतले लोक विचारतात. तसा भक्कम पुरावा नाही. तुम्ही पिता ते पाणी त्याला द्या.

"आमच्या घरात मांस-मच्छी येत नाही"

पुण्यात ही खरी अडचण आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. अनेक शाकाहारी घरांनी मांजर प्रेमानं सांभाळलं, आणि दाणे निवडले ते त्यांना हात लावायला संकोच वाटत नाही म्हणून. तिथे सोपा उपाय आहे. दाण्यांवर कोमट पाणी घाला. आधी एक चमचा, आठवड्यानं दोन, मग दाणे बुडतील एवढं. बहुतेक बोके हळूहळू स्वीकारतात. उन्हाळ्यात भिजलेलं खाणं तासाभराहून जास्त उघडं ठेवू नका, ते लवकर खराब होतं. गॅलरीत, वेगळ्या ताटलीत पाऊच उघडणंही काही घरांना जमतं.

दूध-पोळीनं मात्र पाण्याचा हिशोब जुळवू नका. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात आणि उलट पाणी कमी होतं.

मांसाहारी घरांत चिकन उकडलेलं पाणी उत्तम, पण त्यात मीठ, कांदा, लसूण नको. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे आपल्या ताटातला रस्सा त्याच्यासाठी नाही. खारवलेली सुकटही रोज नको. आणि नुसतं उकडलेलं चिकन म्हणजे पूर्ण आहार नव्हे. त्यात कॅल्शियम जवळपास नसतं, उकळताना टॉरिन, म्हणजे मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक पोषकद्रव्य, पाण्यात उतरतं. ते मुख्य खाण्याच्या जोडीला द्या.

"उन्हाळी लागली असेल, धन्याचं पाणी द्या"

हे प्रेमापोटी सुचवलं जातं, आणि काही वेळा त्यानं बोका बरा झाल्याचंही लोक सांगतात. ते खोटं बोलत नसतात. वर सांगितलेला एफआयसीचा झटका, नळी अडकली नसेल तर, बहुतेकदा आठवडाभरात आपोआप ओसरतो. त्या आठवड्यात धने दिले असतील तर धन्याला श्रेय मिळतं, सब्जा दिला असेल तर सब्ज्याला. पुढच्या वेळी त्याच घरात नळी खरंच बंद होते, आणि धन्याच्या पाण्यात मौल्यवान रात्र जाते. लघवी वाढवणारी कुठलीही वस्तू, गोखरू असो वा मुतखड्याचं औषध, बंद नळीत दाब वाढवते.

असंच अँटिबायोटिकचं. तरुण बोक्यांमध्ये जंतूंमुळे होणारा मूत्राशयाचा त्रास कमी आढळतो. तो म्हाताऱ्या मांजरांत जास्त. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या देऊ नका.

"नसबंदी केली म्हणूनच हे झालं"

नसबंदीमुळे मूत्रमार्ग अरुंद राहतो असा समज पक्का आहे. लहान वयात आणि उशिरा नसबंदी केलेल्या बोक्यांमध्ये नळीचा व्यास मोजला गेला, तेव्हा तसा फरक आढळला नाही. नसबंदीनंतर बोका सुस्तावतो, तेवढंच खातो आणि लठ्ठ होतो, हे मात्र खरं. लठ्ठ, घरातच राहणारा, कोरडं खाणारा तरुण बोका हा या आजाराचा नेहमीचा रुग्ण. खाणं मोजून द्या आणि संध्याकाळी दहा मिनिटं दोरी-चेंडू घेऊन त्याला पळवा. नसबंदी टाळण्याचं हे कारण होऊ शकत नाही. न केलेला बोका बाहेर भांडणांत जखमी होऊन, रोग घेऊन येतो.

पुन्हा पुन्हा अडकत असेल तर

काही बोके काळजी घेऊनही पुन्हा अडकतात. त्यांच्यासाठी एक शस्त्रक्रिया आहे, डॉक्टर तिला पीयू म्हणतात. तीत नळीचा अरुंद शेवट काढून मागच्या रुंद भागाला बाहेर तोंड करून देतात. अडकण्याचा धोका बराच कमी होतो. मूत्राशयाचा दाह मात्र त्यानं बरा होत नाही, आणि वाट रुंद झाल्यानं जंतुसंसर्गाची शक्यता थोडी वाढते. त्यामुळे ओलं खाणं, शांत खोली हे सगळं चालूच ठेवावं लागतं. पहिल्याच वेळी घाईनं हा निर्णय घेऊ नका; पण तिसऱ्यांदा अडकल्यावर टाळाटाळही करू नका.

दवाखान्यातून घरी आणल्यावरचे पहिले काही दिवस सगळ्यात नाजूक असतात, कारण पुन्हा अडकण्याची शक्यता तेव्हाच जास्त. घरात दुसरी मांजरं असतील तर ती त्याच्या अंगाला येणाऱ्या औषधांच्या वासानं फिस्कारतात, म्हणून त्याला वेगळ्या खोलीत, वेगळ्या ट्रेसह ठेवा. एरवीही मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त असावा. लघवीनं भिजल्यावर गोळे होणारं लिटर वापरा आणि दर वेळी काढताना गोळे मोजा, आकार बघा, एका कागदावर तारीख-वेळ लिहा. बारा तासांत एकही गोळा नसेल, किंवा तो जोर करताना दिसला, तर कागद घेऊन परत दवाखाना गाठा.